‘मशरूम थेरपी’चा डबा मागवला, एका मेडिकलवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाही, उगं उद्या नोटीस आली तर आपलं दुकान छोटं आहे. सोलापुरात सिव्हिलच्या बाजूला माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं काउंटरवर उभा आहे, त्यामुळे रिव्ह्यू जरा लांबेल आणि एकच प्रश्न परत परत येईल, की यात औषध किती एमजी आहे. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी सरळ खाली जा.

झालं असं की आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मिस्टर, त्यांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे सहा लूम होते, ते मागच्या दिवाळीआधी भंगारच्या भावात गेले. तेव्हापासून माणूस गप्प. रात्री दोन वाजता उठून गॅलरीत बसायचं, जेवताना भाकरी नुसती मोडत राहायची. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घालून सगळ्यात पुढं असणारा माणूस यंदा घरातनं बाहेर पडला नाही, तेव्हा अक्काचा मला फोन आला, नुसती रडत होती.

भाचा पुण्यात हिंजवडीला असतो. त्यानं कुठं तरी रील बघितली आणि मला म्हणतो, “मामा, तिकडं अमेरिकेत डिप्रेशनवर मॅजिक मशरूम देऊलालेत, एका डोसात माणूस उठून बसूलालाय, आणि आता ते इंडियात लीगल मिळतंय, मी मागवलंय.” मी विचारलं, एक डोस म्हणजे किती एमजी रे? तर म्हणे, “बॉक्सवर असंल की मामा.”

बॉक्सवर नव्हतं.

१,८९९ रुपयाला किट. त्यात तीस गमीज, साठ कॅप्सूलचा काचेचा डबा आणि वीस कॉफीच्या पुड्या, वर एक चकचकीत पॅम्प्लेट. पॅकिंग एक नंबर, त्यात वादच नाही. पॅम्प्लेटवर मेंदूचं रंगीत चित्र आणि खाली ‘सिलोसायबिनवरच्या जागतिक संशोधनातून प्रेरित’. प्रेरित हा शब्द नीट बघा. मग डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली तर लायन्स मेन, रेशी, कॉर्डिसेप्स, चागा. सिलोसायबिनचा, म्हणजे मॅजिक मशरूममधल्या खऱ्या औषधाचा, कणसुद्धा नाही, आणि नाही तेच बरं आहे, कारण सिलोसायबिन आणि त्याचाच भाऊ सिलोसिन दोन्ही आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत, तो डबा खरा असता तर कुरियरवाल्याच्या मागनं पोलीसच आले असते. म्हणजे चित्र एकाचं, संशोधन दुसऱ्याचं आणि आत माल तिसऱ्याचाच. आपल्याकडे साध्या चादरीला सोलापुरी म्हणून लेबल लावून विकतात तसलाच प्रकार.

आता एकेक बघू.

गमीज एप्रिलच्या शेवटी आल्या. सोलापूरचा एप्रिल बाहेरच्या लोकांना सांगून कळत नाही, कुरियरच्या गाडीत दोन दिवस पडलेल्या तीस गमीजचा एकच लाल गोळा झाला होता. लिहिलंय ‘दिवसाला एक घ्या’, आता त्या गोळ्यातनं एक कशी काढायची? दाजींनी सुरीनं कापून खाल्ल्या, अंदाजे. लेबलवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० एमजी’, म्हणजे चारही मशरूम मिळून ५००, कोणतं किती ते गुपित. आमच्या धंद्यात असं चालत नाही हो, चार औषधं एका गोळीत असली तर चारही समोर आकडे लागतात, खोकल्याचं सिरपसुद्धा दर पाच एमएलला किती ते लिहून येतं. आणि गोड तर इतकं की ज्या माणसाची शुगर आधीच काठावर आहे त्याला रोज हे द्यायचं म्हणजे कमालच.

कॅप्सूल जरा प्रामाणिक वाटल्या. नुसतं लायन्स मेन, ५०० एमजी. या मशरूमवर जपानमध्ये २००९ साली एक छोटा अभ्यास छापून आला होता, ५० ते ८० वयाची तीस माणसं, ज्यांचं विसरणं थोडं वाढलंय अशी, सोळा आठवडे रोज साधारण ३ ग्रॅम पावडर दिली, परीक्षेत गुण वाढले आणि बंद केल्यावर परत उतरले. तीन ग्रॅम म्हणजे या डब्यातल्या रोज सहा कॅप्सूल, डबा दहा दिवसात खलास. डब्यावर लिहिलंय रोज एक. आणि तो अभ्यास विसरण्यावर होता, उदासीवर नाही. मी स्वतः आठवडाभर दोन-दोन खाल्ल्या, एकदा पोट फुगलं एवढाच अनुभव.

कॉफी मातीच्या वासाची. अक्का म्हणाली पावसाळ्यात गोणपाट भिजल्यावर येतो तसा वास आहे. पुढे.

आता भाच्याचं काय झालं की त्याला ‘मशरूम’ म्हणजे सगळं एकच वाटलं. त्यात बिचाऱ्याची चूक नाही, लोकांना तसंच वाटावं हीच पॅम्प्लेट लिहिणाऱ्याची इच्छा होती. म्हणून मी दोन-तीन रात्री दुकान बंद केल्यावर बसून वाचलं की तिकडे सिलोसायबिन नेमकं कोणकोणत्या रूपात देतात. हे विकत कुठून घ्यायचं म्हणून वाचलेलं नाही, इकडे घेऊ पण नका. फक्त दाजींना उत्तर द्यायचं होतं.

सगळ्यात जुनं रूप म्हणजे आख्खं मशरूम. मेक्सिकोत वाहाका भागात माझातेक लोकांत रात्रभराच्या विधीत खातात, तिथल्या विधी करणाऱ्या मारिया साबिना बाईकडे १९५५ साली वॉसन नावाचा अमेरिकन बँकर जाऊन बसला आणि १९५७ ला त्यानं मासिकात लिहिलं, तिथून जगाला कळलं. पण औषध म्हणून बघितलं तर लफडं असं की वाळलेल्या क्युबेन्सिस जातीत साधारण अर्धा ते एक टक्का माल असतो असं म्हणतात आणि प्रत्यक्षात त्याच्याही खालीवर जातो. आता हिशोब करा, तेवढ्याच वजनाच्या दोन पुड्या, एकीत दुसरीच्या दुप्पट औषध. एकाच रोपाची एक मिरची गोडी आणि दुसरी कानातनं धूर काढणारी, तसं. मिरचीत तोंड भाजतं, इथं सहा तास डोकं भाजतं. शिवाय हे मशरूम दाबलं की निळं पडतं, म्हणजे त्यातलं सिलोसिन हवेशी भिडून खराब व्हायला लागलेलं असतं, त्यामुळे ठेवलेला माल आणि ताजा माल पण सारखा नाही.

नेदरलँडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून मशरूम बंद केलं पण तसल्याच बुरशीची जमिनीखालची गाठ, तिला तिकडे ट्रफल म्हणतात, ती कायद्यातनं सुटली आणि दुकानात मिळत राहिली. कायदा हा कुठल्याही देशात कायदाच असतो. माल तोच, जोर कमी. तिथल्या दुकानातनं आणलं म्हणून ते ट्रीटमेंट होत नाही एवढं लक्षात घ्या.

चॉकलेट आणि गमी हे तिसरं रूप आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण त्यात काय घातलंय ते डोळ्यालाही दिसत नाही. अमेरिकेत २०२४ ला ‘मायक्रोडोसिंग’च्या, म्हणजे अगदी बारीक डोसाच्या, नावानं विकलेली चॉकलेटं खाऊन माणसं दवाखान्यात गेली, काहींना झटके आले, सरकारनं तपासलं तर मस्किमॉल निघालं जे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या भलत्याच मशरूममधलं असतं, सिलोसायबिनशी त्याचा संबंध नाही, आणि काही वड्यांत चक्क प्रीगाबालिन! प्रीगाबालिन मी चिठ्ठीशिवाय हातात देत नाही, नसांच्या दुखण्याची गोळी आहे, आणि हे चॉकलेटमध्ये.

मग गोळीचं रूप. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमननं १९५८ ला मशरूममधनं सिलोसायबिन वेगळं काढलं आणि मग लॅबमध्ये बनवलं पण. कंपनी ते ‘इंडोसायबिन’ नावानं गोळी करून डॉक्टरांना देत होती, २ एमजीची. मला आवडलेली गोष्ट अशी की १९६२ ला हॉफमन त्या गोळ्या घेऊन मारिया साबिनाकडे गेला, तिनं विधी केला, आणि त्यानं लिहून ठेवलंय की तिच्या मते गोळीत मशरूमचंच सामर्थ्य होतं. म्हणजे जिचं आयुष्य मशरूममध्ये गेलं तिला गोळी चालली, आणि आता इंटरनेटवरची पोरं भांडतात की नैसर्गिकच पाहिजे, त्यात बाकीचे घटक असतात, सगळे मिळून काम करतात. असतात की बाकीचे, बीओसिस्टिन वगैरे थोडे असतात, पण माणसावर त्यानं फायदा वाढतो असं अजून दाखवलेलं नाही.

हल्ली जे मोठे ट्रायल झाले ते जवळजवळ सगळे लॅबमध्ये बनवलेल्या कॅप्सूलवर. कंपास पाथवेज कंपनीची कॉम्प ३६० नावाची कॅप्सूल, २०२२ ला निकाल छापून आला, २३३ पेशंट, तीन गट, २५ एमजी, १० एमजी आणि १ एमजी. बघा, मेडिकलवाल्याचा जीव इथं शांत होतो. तीन आठवड्यांनी २५ वाल्यांचा उदासीचा स्कोअर सरासरी १२ नं उतरला आणि १ वाल्यांचा ५.४ नं, म्हणजे फरक पडला, खरा पडला. पण पॅम्प्लेटवर पुढचं नसतं. बारा आठवडे टिकलेला फायदा २५ वाल्यांत २० टक्क्यांत होता, म्हणजे पाचात एक. डोकेदुखी, मळमळ, चक्कर तर होतीच, आणि जीव द्यायचे विचार तिन्ही गटांत काही जणांना आले, म्हणून बारीक लक्ष ठेवावं लागलं. २०२५ च्या जूनमध्ये त्याच कॅप्सूलच्या मोठ्या ट्रायलचा पहिला आकडा आला, खोट्या कॅप्सूलपेक्षा स्कोअरमध्ये फरक ३.६. एका डोसात माणूस उठून बसूलालाय म्हणे!

अजून एक, लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं २०२१ ला सिलोसायबिन आणि एस्सिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशनची नेहमीची गोळी, समोरासमोर लावलं, ५९ माणसं. जो मुख्य आकडा आधी ठरवला होता त्यात दोघांत ठोस फरक निघाला नाही. एस्सिटालोप्राम म्हणजे माझ्या मागच्या रॅकमध्ये खालून दुसऱ्या खणात आहे, काही रुपयाला एक गोळी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नैसर्गिक अर्क काढून मोजून भरलेली कॅप्सूल पण आहे, ती मधली वाट. मला विचाराल तर मोजलेलं असेल तर अर्क की लॅब याचं मला काही नाही. फक्त लेबल वाचायला शिका, कारण सिलोसायबिन पोटात गेल्यावर त्याचा फॉस्फेटचा तुकडा गळतो आणि सिलोसिन होतं, काम सिलोसिन करतं. २५ एमजी सिलोसायबिन म्हणजे साधारण १८ एमजी सिलोसिन. एक लेबल एकाचा आकडा छापेल, दुसरं दुसऱ्याचा. आपल्याकडे एस्सिटालोप्रामची १० ची गोळी असते त्यात खरं तर ऑक्झलेट १२.७७ एमजी असतं, पण स्ट्रिपवर ‘इक्विव्हॅलंट टू १०’ म्हणून स्पष्ट लिहावं लागतं. तसलं.

शिरेतनं पण देतात, पण संशोधनात, २ एमजी एका मिनिटात सोडून मेंदूचं स्कॅन काढलं होतं. तोंडानं घेतलं तर अर्ध्या-पाऊण तासानं चढतं आणि चार ते सहा तास चालतं, शिरेतनं काही सेकंदात चढतं आणि लवकर उतरतं. आपल्या विषयात ते येत नाही.

आणि वजनाचं, हे मला अनपेक्षित होतं. अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाले आधी वजनावर डोस काढायचे, ७० किलोला २० किंवा ३० एमजी असं. मग त्यांनीच २८८ लोकांचे जुने आकडे परत तपासले तर बारीक आणि जाड माणसात अनुभवाचा फरक सापडला नाही. आता बहुतेक मोठ्या ट्रायलमध्ये सरसकट २५.

पण खरं सांगू का, हे सगळं वाचून मला जे कळलं ते कॅप्सूलबद्दल नाहीच. ट्रायलमध्ये कॅप्सूल हा त्या दिवसातला पाच सेकंदाचा भाग आहे. आधी दोन-तीन बैठका बोलायच्या, मग त्या दिवशी खोलीत पलंग, डोळ्यावर पट्टी, कानात गाणी, आणि शेजारी शिकलेली माणसं सहा-आठ तास बसून. नंतर परत बैठका. ज्याच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे त्याला घेतच नाहीत, बीपी बघतात, लिथियम चालू असेल तर नाही, चालू गोळ्या बहुतेक ठिकाणी डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू बंद करून मगच. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवाना असलेले मानसोपचार डॉक्टर हे देऊ शकतात, तेही फक्त इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनला, आणि खर्च हजारो डॉलर, तो कॅप्सूलचा कमी आणि त्या खोलीतल्या माणसांच्या तासांचा जास्त. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात उलटं, चिठ्ठी लागत नाही, २१ वर्षं पूर्ण पाहिजेत, पण लॅबवालं चालत नाही, फक्त क्युबेन्सिस आणि त्याचा अर्क, तोही आधी तपासून, आणि सेंटरमध्येच घ्यायचं, घरी न्यायचं नाही. म्हणजे मालाबद्दल दोन ठिकाणची दोन तोंडं, पण ‘एकट्यानं गॅलरीत बसून खा’ असं कोणीच म्हणत नाही. सोलापुरात सिव्हिलच्या ओपीडीत एका पेशंटला किती मिनिटं मिळतात ते मी रोज समोरून बघतो, सहा तास कोण कुणाजवळ बसणार.

हे सगळं मी दाजींना सांगायला गेलो. रविवारी, शेंगाची चटणी, कडक भाकरी, अक्का समोर बसलेली. ते ‘दाद न देणारं डिप्रेशन’ कशाला म्हणतात ते सांगत होतो, की दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनसुद्धा फरक पडला नाही तर तसं म्हणतात. दाजी म्हणाले, “मेव्हणे, मला पण एक दिली होती फेब्रुवारीत, काय उपयोग झाला नाही.” अक्कानं उठून देवघराच्या खणातनं स्ट्रिप आणली. एस्सिटालोप्राम १०. माझ्याच दुकानाचा शिक्का असलेल्या पाकिटात. दहाची स्ट्रिप, सहा शिल्लक.

चार गोळ्या. ज्या औषधाला चार-सहा आठवडे लागतात ते चार दिवस खाऊन माणूस म्हणतो उपयोग नाही. मी म्हणलं, दाजी, डिप्रेशन रेझिस्टंट नाही, तुम्ही रेझिस्टंट आहात. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं. आणि लाज मला पण वाटली, कारण ती स्ट्रिप मीच दिली होती, घाईत, पाकिटावर नुसतं ‘रात्री १’ लिहून, किती दिवस ते नाही. दुसऱ्याला एमजी विचारत फिरतो आणि स्वतः आठवडे सांगायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी गमी, कॉफी सगळं बंद करून डॉक्टरकडे गेलो. आपल्या मनानं उरलेल्या सहा चालू करू दिल्या नाहीत. डॉक्टरांनी अर्धीपासून सुरू केलं, पंधरा दिवसांनी बोलावलं, आणि एका बाईंकडे बोलायला पाठवलं ज्यांच्याकडे आठवड्याला पाऊण तास. पहिल्या वेळी दाजी तिथं लूमच्या मोटारीबद्दलच बोलत बसले म्हणे. असू दे. मधल्या दिवसात एका रात्री लईच अस्वस्थ झाले तेव्हा अक्कानं १४४१६ ला फोन लावला, टेलि मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात, माहीत नसेल तर सेव्ह करून ठेवा. आता सातवा आठवडा आहे. रात्री दोनला उठायचे ते चारला उठतात. परवा हुतात्मा चौकापर्यंत चालत आले, दुकानात स्टुलावर बसले, एका गिऱ्हाईकाला माझ्याआधी त्यांनीच विचारलं, “किती एमजीची पाहिजे?”

तर स्टार.

गमीजला शून्य, लेबलसाठी अजून एक कापला असता पण खाली जागा नाही. कॅप्सूलला दोन, खरं नाव आणि खरा आकडा लिहिल्याबद्दल, फायद्याबद्दल नाही. कॉफीला एक. पॅम्प्लेटला वेगळा स्टार देता येत नाही म्हणून इथं लिहितो, दुसऱ्याच्या ट्रायलचा आकडा आपल्या डब्यावर लावणाऱ्याला आमच्या लाईनमध्ये काय म्हणतात ते छापता येणार नाही. कंपनीला मेल केला की यात सिलोसायबिन नाही तर त्याचं नाव कशाला, त्यांनी दहा टक्के डिस्काउंटचा कोड पाठवला.

काचेच्या डब्याला मात्र पाच. झाकण घट्ट, आत रबर आहे, वास पण गेला धुतल्यावर. अक्कानं त्यात शेंगाची चटणी भरून ठेवलीय, पाव किलो बरोबर बसते.